रविवारची पाच मिनिटं

बाईंचं कामच मुळी संशयाचं होतं. चौकातल्या मोठ्या लाँड्रीत त्या काउंटरमागे उभ्या राहायच्या. गिऱ्हाइकाने कपडे टाकले की आधी खिसे उलटे करायचे, मग कॉलर, बाह्या आणि गुडघे उजेडात धरून बघायचे. डाग चहाचा आहे, गंजाचा आहे की औषधाचा, हे त्या नुसत्या वासावरून सांगायच्या. गिऱ्हाईक म्हणायचं, "पाणी सांडलंय हो." बाई मान डोलवायच्या आणि चिठ्ठीवर खरं काय ते लिहायच्या. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस काही फक्त दुकानात असा राहत नाही. घरी नवऱ्याने शर्ट काढून खुंटीला अडकवला की बाईंचा हात आपोआप खिशात जायचा.

बाईंचं दुसरं काम रविवारचं. चर्चमध्ये पाळकांचा उपदेश संपला, की लहान मुलं आणि त्यांच्या आया पुढे येऊन बसायच्या आणि बाई पाच मिनिटं बोलायच्या. घरात आठवडाभरात जे घडलं त्यातून प्रभूने काय शिकवलं, एवढंच. मुलीने दूध उतू जाऊ दिलं आणि मांजराचं नाव सांगितलं, त्यावरून सत्य. नवरा रस्ता चुकला पण कुणाला विचारायला तयार नव्हता, त्यावरून गर्व. साध्यासुध्या गोष्टी, पण बाईंची सांगण्याची हातोटी अशी, की मागच्या बाकांवरची पेंगणारी मंडळीही सरसावून बसायची. कुणी हसायचं, कुणी डोळे टिपायचं. उपदेश विसरला तरी बाईंची पाच मिनिटं लोकांच्या लक्षात राहायची. पाळक स्वतःच तसं म्हणायचे, जरा तोंड वाकडं करून.

ज्यांच्या गोष्टी त्या सांगायच्या ती माणसं तिसऱ्या बाकावर बसलेली असायची. नवरा गाडी शिकवायच्या शाळेत शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मुलगी नुकतीच कॉलेजात जायला लागली होती. चालताना पावलांचा आवाज येत नाही म्हणून तिला लहानपणापासून मनी म्हणत. आणि मास्तरांचे वडील. ते सुतार होते, आता काम सुटलं होतं. मनी जन्मल्यापासून घरात सगळेच त्यांना आजोबा म्हणायचे, सूनसुद्धा. साखरेचं पथ्य असताना आजोबांनी उशीच्या अभ्र्यात बिस्किटं लपवली होती, ती गोष्ट बाईंनी सांगितली तेव्हा अख्खं चर्च हसून लोटपोट झालं. आजोबाही हसले होते. निदान बाईंना तसं वाटलं.

तर अशा या घरात एके दिवशी बाईंच्या लक्षात आलं, की आपण खोलीत पाऊल टाकलं की बोलणं थांबतं.

पहिल्यांदा त्यांनी दुर्लक्ष केलं. नंतर मुद्दाम चप्पल न वाजवता आत जाऊन बघितलं. मास्तर आणि मनी टेबलापाशी डोकं जवळ करून कुजबुजत होते. बाई दिसल्या तसा मास्तरांनी विषय काढला, "गॅस संपत आलाय वाटतं." गॅस दोनच दिवसांपूर्वी आला होता. मनी उठून दप्तर आवरायला लागली, आवरलेलंच.

"काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"कुठे काय?" दोघंही एकदम म्हणाले. बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

मग त्या डोळ्यांत तेल घालून बघायला लागल्या. मास्तर दिवसभर गाडीत बसणारा माणूस, पण त्यांच्या पँटच्या दुमडीत लाकडाचा भुसा सापडला. बारीक, ताजा. शर्टाला पॉलिशचा वास. "आज काय केलंत?" असं सहज विचारलं, तर म्हणाले, "काय करणार? एका बाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होतो. खांबाला लावली त्यांनी." खांबाला लावल्यावर भुसा कुठून आला, हे बाईंनी विचारलं नाही. गिऱ्हाइकालाही त्या कधी असं तोंडावर विचारत नसत. आधी सगळे खिसे बघून घ्यायचे, ही त्यांची पद्धत.

खिशात किल्ली सापडली. घराची नाही, गाडीची नाही, शाळेच्या ऑफिसचीही नाही. जुन्या पद्धतीची, जाडजूड, कुलपाची. बाईंनी ती तळहातावर धरून खूप वेळ बघितली आणि होती तशी परत ठेवली.

मनीचंही तेच. संध्याकाळी उशिरा यायची, म्हणायची, "जादा तास होता." चेहरा मात्र तासाला बसल्यासारखा दिसायचा नाही, दमलेला आणि कसल्या तरी काळजीतला दिसायचा.

आजोबांच्या बाबतीत सापडलं ते सगळ्यात विचित्र. त्यांचा शर्ट धुवायला घेताना बाईंनी सवयीने कॉलर उलटी केली. आत कापडी पट्टी शिवलेली. टाके वेडेवाकडे, आणि पट्टीवर शाईने आकडे. धुण्यात पुसट झालेले, अर्धे वाचता येत होते. लाँड्रीत कपडे हरवू नयेत म्हणून अशाच खुणा करतात. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सून लाँड्रीत कामाला, आणि या घरातले कपडे दुसऱ्या लाँड्रीत जातात? त्यांनी आजोबांना विचारलं.

आजोबा खिडकीशी बसले होते. त्यांनी पट्टीकडे बघितलं, मग सुनेकडे. त्यांच्या नजरेत बाईंना जे दिसलं ते त्यांना नीट ओळखता आलं नाही. चोरी पकडली गेलेल्या माणसाचं असतं तसंच काहीसं होतं ते.

"असेल काहीतरी," आजोबा म्हणाले. "मास्तरला विचार."

पण मास्तरांना विचारायचं म्हणजे सावध करायचं. त्यापेक्षा बाईंनी प्रार्थना केली. "प्रभू, खरं काय ते मला एकदा दाखव. पुढचं मी बघून घेते." प्रार्थनेचा शेवट जरा बरोबर झाला नाही हे त्यांनाही जाणवलं, पण तोवर आमेन म्हणून झालं होतं.

रात्री कूस बदलताना त्यांच्या मनात सगळं जुळत गेलं. कुलपाची किल्ली म्हणजे कुठेतरी खोली घेतलेली. खोली घेतली म्हणजे तिथे कुणीतरी आहे. पॉलिशचा वास म्हणजे नवं सामान. गाडी खांबाला लावणाऱ्या बाई. मनीला ते कळलंय आणि पोर बापाला सांभाळून घेतेय. आजोबाही मुलाच्या बाजूने. सगळे मूग गिळून बसलेत आणि आपण मात्र दर रविवारी उभं राहून आपल्या घरातलं प्रेम लोकांना सांगतोय. त्या कल्पनेने बाईंना रडू आलं नाही, चीड आली.

त्यांनी दुपारची सुट्टी घेतली आणि गाडी शिकवायच्या शाळेत फोन केला. मालक म्हणाला, "मास्तर दुपारच्या शिकवण्या घेत नाहीत सध्या. घरी काम असतं म्हणाले. तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "विसरले होते."

घरासमोर औषधांचं दुकान होतं. बाई तिथे आत काचेच्या कपाटाआड उभ्या राहिल्या आणि खोकल्याची औषधं एकेक करून वाचत राहिल्या. दुकानदाराने कुठलं हवंय म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "खोकला अजून यायचाय." तेवढ्यात शाळेची गाडी घरासमोर येऊन थांबली. मास्तर उतरले. घराचं दार उघडलं आणि मनी बाहेर आली. त्या वेळी ती कॉलेजात असायला हवी होती. तिच्या मागून आजोबा, स्वच्छ शर्ट घालून, केस विंचरून. मनीने त्यांचा हात धरला होता. तिघं गाडीत बसले आणि गाडी निघाली.

म्हणजे म्हाताऱ्यालाही घेऊन जातात तिथे. त्यांनी समोरून येणारी टॅक्सी थांबवली.

"त्या गाडीच्या मागे," त्या म्हणाल्या.

टॅक्सीवाल्याने पुढे बघितलं. गाडीच्या टपावर शाळेची मोठी पाटी होती, मागे 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा' असं लिहिलं होतं. "बाई," तो म्हणाला, "या गाडीचा पाठलाग करायचा म्हणजे आपल्यालाच थांबत थांबत जावं लागेल."

"थांबा हवं तर. पण सोडू नका."

बस डेपोच्या मागच्या रस्त्याला जुन्या गोदामांची रांग होती. निम्म्यांना कुलपं, निम्म्यांत टायरची आणि भंगाराची कामं चाललेली. गाडी अगदी टोकाला थांबली. मास्तरांनी खिशातून ती किल्ली काढली आणि पत्र्याचं दार उघडलं. तिघं आत गेले. बाई टॅक्सी सोडून भिंतीच्या कडेकडेने चालत गेल्या. दार अर्धं उघडं होतं. आतून कसलाही बाईमाणसाचा आवाज येत नव्हता. लाकूड घासल्याचा आवाज येत होता.

त्यांनी फटीतून बघितलं. आत एक लांब मेज, भिंतीला टांगलेल्या करवती, रंधे, खाली भुशाचा थर. आजोबा मेजापाशी उभे राहून एका स्टुलाचा पाय पॉलिशपेपरने घासत होते. त्यांचे हात इतके सरावाने चालत होते की बाई क्षणभर बघतच राहिल्या. मास्तर दुसऱ्या टोकाला खिळे वेगळे करत होते. मनी स्टुलाची बैठक धरून बसली होती.

"हे कुणाचं आहे?" आजोबांनी विचारलं.

"आपलंच आजोबा. स्वयंपाकघरासाठी," मनी म्हणाली.

आजोबांनी चार हात मारले. मग थांबून विचारलं, "हे कुणाचं आहे ग?"

"आपलंच. स्वयंपाकघरासाठी." मनीचा आवाज तोच. जरासुद्धा चिडलेला नाही. घरी आईने एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली तर कपाळाला आठ्या घालणारी ही मुलगी.

आजोबांनी पुन्हा विचारलं. मनीने पुन्हा सांगितलं. मग ते म्हणाले, "घरी सांगितलं नाही ना कुणी?"

"नाही, आजोबा," मास्तर म्हणाले.

"नको सांगू तिला. चांगली आहे पोरगी. पण ती रविवारी सांगेल." आजोबांचा हात थांबला होता. "बायबलातलं हरवलेलं मेंढरू करेल माझं. सगळे बघतील माझ्याकडे. मी त्या बसथांब्यावर बसलो होतो ना, घर कुठे ते आठवेना, तेव्हासुद्धा मला एवढी भीती नाही वाटली."

मनीने खाली बघितलं.

बाई फटीपासून मागे सरकल्या. आत जावं, दार लोटून म्हणावं की मी असं करेन असं वाटलंच कसं तुम्हाला? पण पाय उचलेना. कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं, की हरवलेल्या मेंढराची गोष्ट फटीपाशी उभ्या असतानाच त्यांच्या डोक्यात सुरू झाली होती. बसथांबा, म्हातारा, पत्ता हरवलेला. सुरुवात कशी करायची, कुठे थांबायचं, सगळं. आजोबांचं वाक्य पुरतं संपायच्या आत.

त्या चालत घरी आल्या.

संध्याकाळी मास्तर स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले, तेव्हा बाई कांदा चिरत होत्या. मनी आणि आजोबा बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होते.

"मी आले होते तिथे आज," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी ग्लास खाली ठेवला. कुठे, असं त्यांनी विचारलं नाही.

"कधीपासून आहे हे?"

"थंडी संपता संपता. मनीच्या मैत्रिणीने बघितलं त्यांना बसथांब्यावर. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल. हाताला सवयीचं काम असलं की बरं राहतं. माझ्या ओळखीच्या एकाचं गोदाम रिकामं होतं."

"आणि कॉलरमधली पट्टी?"

"मनीचा फोन नंबर. तिनेच शिवलीय."

बाईंनी सुरी बाजूला ठेवली. त्यांना आठवेना, मुलीचा नंबर आपल्याला पाठ का नाही. "मला दुसरी लाँड्री वाटली," त्या म्हणाल्या. मास्तरांना हसू आलं आणि त्यांनी ते आवरलं. त्या आवरण्याचाच बाईंना राग आला.

"मी बायको आहे तुमची. सून आहे त्यांची. शेजाऱ्याला सांगितलं असतंत, पण मला नाही."

"त्यांनी शपथ घातली होती."

"आणि तुम्हाला पटलं ते? मी काय वाईट सांगते का कधी कुणाबद्दल? चांगल्यासाठीच सांगते ना? लोकांना धीर येतो. त्या गोष्टीतल्या मेंढपाळानेसुद्धा मेंढरू सापडल्यावर शेजाऱ्यांना बोलावून सांगितलंच की."

"हो," मास्तर म्हणाले. "मेंढराला विचारलं होतं का?"

मास्तर तसे कमी बोलणारे. पण एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबता आलं नाही. आवाज मात्र हळू ठेवला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

"तुझ्यासमोर कुणी पडलं ना, तर तू धावतेस. नाही असं नाही. पण धावता धावता तू बघत असतेस, की यात सांगण्यासारखं काय आहे. मनीने तुला काही सांगणं का बंद केलं, कधी विचारलंस? तिचं ते परीक्षेतलं रडणं तू चर्चमध्ये सांगितलंस. सगळ्यांना आवडलं. तिला वर्गातल्या मुलांनी आठवडाभर छळलं."

"मला नाही सांगितलं तिने."

"सांगून?" मास्तर म्हणाले. "त्याचंही काहीतरी झालं असतं."

कांद्यामुळे डोळ्यांना पाणी येतंय असं दाखवायची सोय होती, पण बाईंनी ते केलं नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या. मास्तरांनी सुरी उचलली आणि उरलेला कांदा चिरायला घेतला, वाईट, जाडजाड.

रविवार उजाडला. चर्चला निघताना कुणी कुणाशी फारसं बोललं नाही. बाईंनी अजून कुणाला काही वचन दिलं नव्हतं आणि कुणी मागितलंही नव्हतं. तिसऱ्या बाकावर बसताना मनीने आजोबांना आतल्या बाजूला घेतलं आणि स्वतः कडेला बसली. आईकडे एकदा बघितलं. बाईंनी ती नजर ओळखली. डाग नीट निघाला का ते बघणारी गिऱ्हाइकाची नजर.

पाळकांचा उपदेश सुरू होता. बाईंचं लक्ष नव्हतं. प्रभूच्या जन्माची गोष्ट त्यांनी दर नाताळात मुलांना सांगितली होती. मेंढपाळ आले, त्यांनी बाळ बघितलं आणि गावभर सांगत सुटले, हे त्या रंगवून सांगायच्या. बाळाच्या आईने मात्र सगळं आपल्या मनातच ठेवलं, हे पुढचंच वाक्य. ते त्या नेहमी गाळायच्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही, असं त्यांना वाटायचं.

उपदेश संपला. मुलं पुढे येऊन बसली. बाई उठून समोर गेल्या. तिसऱ्या बाकावर आजोबांनी पुढच्या बाकाची कड घट्ट धरली होती, त्यांच्या बोटांची पेरं पांढरी झालेली बाईंना इथूनही दिसत होती. मास्तर जमिनीकडे बघत होते.

"आज माझ्याकडे काही नाही," बाई म्हणाल्या.

लोक हसले. ही गोष्टीची सुरुवात असणार, असं त्यांना वाटलं.

"खरंच नाही. मुलांनो, आज तुम्हीच गाणं म्हणा एखादं."

त्या परत येऊन बसल्या. चर्चमध्ये कुजबुज झाली. पाळकांच्या बायकोने पटकन उठून मुलांना गाणं सुरू करून दिलं. बाहेर पडताना चौघीजणींनी बाईंना विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? "ठीक आहे," बाई म्हणाल्या, आणि कुणाचाही त्यावर विश्वास बसला नाही, हे त्यांना स्पष्ट दिसलं. एकीने तर मास्तरांकडे असं बघितलं, की बिचारे लाल झाले. आपण न बोलल्याने नवऱ्यावर भलताच संशय आला, याचं बाईंना वाईट वाटलं. पण खुलासा करायचा म्हणजे पुन्हा सांगणंच आलं. त्यांनी ते गिळलं.

घरीही गोष्टी एका दिवसात बदलल्या नाहीत. खोलीत गेलं की बोलणं अजून थांबत होतं. फक्त आता ते थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी मास्तरांना म्हटलं, "एक दुपार मला द्या." मास्तरांनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, मग किल्ली काढून दिली.

बाई आणि आजोबा चालत निघाले. डेपोच्या वळणावर आजोबा थांबले. दोन्ही रस्त्यांकडे त्यांनी आळीपाळीने बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर घाबरल्याची सावली आली. बाईंनी रस्ता सांगितला नाही, हातही धरला नाही. नुसत्या एक पाऊल डावीकडे सरकल्या आणि चप्पल नीट करण्याच्या निमित्ताने वाकल्या. आजोबा डावीकडे वळले.

"मास्तर कुठे आहे?" त्यांनी चालता चालता विचारलं.

"शिकवतायत. आज मी आलेय."

"तुला कुणी सांगितलं या जागेचं?"

"कुणी नाही. मी चोरून मागे आले होते एकदा."

आजोबा तिरक्या नजरेने बघत राहिले. "रविवारी काय सांगितलंस मग?"

"काही नाही. तुम्ही होतात ना तिथे."

"होतो?" ते आठवायचा प्रयत्न करत होते. "का नाही सांगितलंस?"

"सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं."

आजोबांनी यावर बराच विचार केला. "खोटं बोलतेस," ते शेवटी म्हणाले, पण आवाज नरम होता.

गोदामात आल्यावर त्यांच्या हातांना सगळं आठवलं. त्यांनी स्टूल उलटं केलं, एका पायावर बोट फिरवलं आणि बाईंच्या हातात पॉलिशपेपरचा तुकडा दिला. "लाकडाच्या रेषेनेच घासायचं. आडवं नाही. आडवं घासलंस तर ओरखडे येतात, मग ते कधी जात नाहीत."

बाई घासायला लागल्या. घासता घासता त्यांच्या डोक्यात ते सुरू झालंच. लाकूड, रेषा, आडवं घासणारी माणसं. सुंदर होतं. अगदी पाच मिनिटांचं. त्यांना पहिलं वाक्यही सुचलं. त्यांनी मान खाली घातली आणि पायाचा तो भाग आधी नीट गुळगुळीत करायला घेतला. वाक्य थोडा वेळ घुटमळलं, मग घासण्याच्या आवाजात कुठेतरी गेलं.

"काय विचार करतेस?" आजोबांनी लगेच विचारलं.

"काही नाही."

आजोबांनी रंधा खाली ठेवला आणि बाजूला येऊन उभे राहिले. सुनेच्या चेहऱ्याकडे बघितलं, तिच्या हाताकडे बघितलं, पुन्हा चेहऱ्याकडे. मग मेजाच्या पलीकडची आपली जागा सोडून त्यांनी खुर्ची ओढली आणि सुनेवर लक्ष राहील अशी अगदी जवळ मांडून बसले.